विंटेज डिझायनर ब्रोच: आधी पाठ वाचावी, मग नाव

विंटेज डिझायनर ब्रोच हा सोन्याचा किंवा खऱ्या रत्नांचा दागिना नसतो. साधा मिश्रधातू, कधी चांदी, काचेचे खडे, मिना, ल्युसाइट (काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक) आणि कृत्रिम मोती अशा सामग्रीतून न्यूयॉर्क, प्रॉव्हिडन्स, शिकागो, पॅरिस किंवा बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) याब्लोनेत्स येथील कारखान्यांनी मुख्यतः १९२० ते १९८० या काळात हे ब्रोच घडवले. आज त्यांना मिळणारी किंमत द्रव्याची नसून रेखाटनाची, घडणीची आणि टिकून राहिलेल्या अवस्थेची असते. वजन करायचे, कस लावायचा आणि त्या दिवशीच्या भावाने गुणायचे, ही सराफाच्या दुकानातली आपली सवय म्हणूनच येथे लागू पडत नाही. नव्या संग्राहकाचे लक्ष साहजिकच खड्यांच्या चमकेकडे किंवा मागे उमटवलेल्या नावाकडे जाते. माझे मत असे आहे की चमक सर्वांत शेवटी पाहावी, नाव त्याच्या थोडे आधी पाहावे आणि सर्वांत आधी ब्रोच उलटा करून त्याची पाठ सावकाश वाचावी.

पुण्याला ब्रोच परका नाही. पाचवारी साडीचा पदर खांद्यावर ब्रोचने टाचण्याची पद्धत दोन-तीन पिढ्यांपूर्वी येथल्या अनेक घरांत रुळलेली होती आणि कॅम्पातील पारशी कुटुंबांत गारा साडीवर ब्रोच लावलेला आजही समारंभात दिसतो. रोजच्या वापरातील वस्तूंचा गंभीरपणे संग्रह करावा का, हा प्रश्नही या शहरात विचारण्याचे कारण नाही. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे आणि वज्री यांच्यासमोर कधी उभे राहिले असाल, तर त्याचे उत्तर तुम्हाला मिळालेले आहे.

हद्द ठरवणे आणि हत्यारे जमवणे

पहिला ब्रोच विकत घेण्यापूर्वी संग्रहाची हद्द ठरवावी. बहुतेक जण एखाद्या नामांकित घराण्याचे, म्हणजे दागिने बनवणाऱ्या कंपनीचे, नाव धरून सुरुवात करतात. मला मात्र काळ किंवा घडणीची पद्धत धरून केलेली सुरुवात अधिक फलदायी वाटते, कारण तीत डोळा लवकर तयार होतो. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी चांदीचे ब्रोच, दोन क्लिपा जोडून होणारे ब्रोच, ल्युसाइटचे पोट असलेले प्राणी किंवा केवळ चेक काच, यांपैकी कोणताही एक विषय काही वर्षे पुरेल एवढा मोठा आहे. हद्द नंतर बदलता येते. परंतु ती मुळीच नसेल, तर घरात संग्रहाऐवजी नुसता ढीग जमतो.

हत्यारे थोडी लागतात. दहापट मोठे दाखवणारे सराफी भिंग, मिलिमीटर मोजणारा कॅलिपर, दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, लहान विजेरी आणि अतिनील प्रकाशाची विजेरी एवढे पुरेसे आहे. अतिनील प्रकाशात युरेनियमयुक्त जुनी काच हिरवी झळकते, पण त्या विजेरीचा माझ्या दृष्टीने मोठा उपयोग वेगळाच आहे: नंतर भरलेला गोंद त्या प्रकाशात पुष्कळदा निळसर-पांढरा दिसतो आणि कोणते खडे पुन्हा चिकटवले आहेत, हे विक्रेत्याला न विचारता कळते.

पाठ कशी वाचावी

ब्रोच मऊ कापडावर पालथा ठेवावा आणि प्रथम पिनेची बिजागरी व खटका पाहावा. पिनेचे टोक नुसत्या इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या उघड्या आकड्यात अडकत असेल आणि ते आकड्याच्या बरेच बाहेर आलेले असेल, तर ब्रोच एकोणिसाव्या शतकातील किंवा विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा असण्याची शक्यता असते. गोल फिरून पिनेला कुलूप लावणारा सुरक्षित खटका विसाव्या शतकात रूढ झाला. एक छोटी नळी ओढून पिनेचे टोक मोकळे करावे लागत असेल, तर तो ट्रॉम्बोन खटका होय आणि तो प्रामुख्याने युरोपीय घडणीत आढळतो. पिनेऐवजी दातेरी झडप असेल, तर ती १९२० ते १९४० च्या दशकांतील ड्रेस क्लिप असते. दोन लांब अणकुचीदार काटे आणि स्प्रिंग असेल, तर ती जाड कोटासाठी केलेली फर क्लिप असते. हा पुरावा एकट्याने निर्णायक मानू नये, कारण पिन तुटल्यावर नवी बसवणे सोपे असते आणि साधा आकडा स्वस्त ब्रोचवर आजही लावला जातो. बिजागरीच्या भोवती डाकाचा, म्हणजे झाळणाच्या धातूचा, राखाडी थेंब पसरलेला दिसला किंवा तेथील मुलाम्याचा रंग उरलेल्या पाठीपेक्षा वेगळा असला, तर पिन बदललेली आहे असे धरून चालावे.

त्यानंतर धातू पाहावा. जुना पॉट मेटल हा कथिलप्रधान मिश्रधातू आकाराच्या मानाने जड लागतो आणि त्यावरचा मुलामा झिजला की खाली मळकट राखाडी रंग दिसतो. पितळी पत्रा ठोकून घडवलेला ब्रोच हलका असतो आणि कडेला पत्र्याची जाडी दिसते. ‘स्टर्लिंग’ असा शब्द आढळला, तर चांदी हजारात ९२५ भाग असते, आणि अमेरिकी ब्रोचच्या बाबतीत हा शब्द काळही सुचवतो. युद्धसामग्रीसाठी लागणाऱ्या कथिलासारख्या धातूंच्या वापरावर १९४२ मध्ये तेथे निर्बंध आल्यामुळे दागिन्यांचे कारखाने चांदीकडे वळले आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा देऊ लागले. त्याच वर्षांत ऑस्ट्रिया व बोहेमियातील खड्यांची आवक आटली, म्हणून त्या काळच्या अनेक ब्रोचवर खडे मोजके आणि धातूचा पृष्ठभाग मोठा असतो. टंचाईतून रेखाटन कसे बदलते, हे पाहण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे खडे कसे बसवले आहेत. प्रत्येक खडा धातूच्या नख्यांनी धरलेला असेल, तर मजुरी अधिक पडली आहे हे उघड आहे. खळग्यात गोंद घालून बसवलेले खडे मात्र आपोआप हलके ठरत नाहीत, कारण अनेक उत्तम कारखान्यांनी दोन्ही पद्धती वापरल्या. नख्या सर्व खड्यांवर सारख्या दाबलेल्या आहेत का, खळग्याबाहेर गोंद ओघळला आहे का, एखादा खडा शेजाऱ्यापेक्षा उंच किंवा अधिक पांढरा दिसतो का, हे भिंगातून पाहावे. पाठीच्या बाजूला खडे दिसावेत म्हणून जागा उघडी ठेवली असेल, तर प्रकाश आरपार येतो आणि तेथे पुष्कळदा वर्ख नसतो. पाठ बंद असेल, तर खड्याच्या मागे सहसा चंदेरी किंवा सोनेरी वर्ख असतो आणि त्या वर्खावरच सारी चमक अवलंबून असते. ओल शिरून वर्ख काळा किंवा पिवळा पडला, की खडा मेला असे संग्राहक म्हणतात, आणि मेलेला खडा कोणत्याही उपायाने जिवंत होत नाही. तो बदलावाच लागतो.

शेवटी झीज पाहावी. अस्सल वापराची झीज उंच भागांवर, पिनेच्या टोकाशी आणि कपड्याला घासणाऱ्या कडांवर असते. खोलगट भागांत सगळीकडे सारखा काळा रंग भरलेला असेल आणि उंच भाग मात्र नवेकोरे असतील, तर ते जुनेपण रंगाच्या डबीतून आलेले आहे.

काळ ठरवणारे आकडे आणि खुणा

पाठीवर कोरलेल्या खुणांपैकी काही नावापेक्षाही उपयुक्त असतात. ट्रिफारी या कारखान्याने नक्कल करणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्यावर दावा लावला आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने अशा दागिन्यांना कलाकृती म्हणून कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते असा निर्णय दिला. त्यानंतर वर्तुळातील ‘सी’चे चिन्ह सर्रास उमटू लागले. म्हणून अमेरिकी ब्रोचवर ते चिन्ह असेल, तर तो साधारणतः १९५५ नंतरचा समजावा. खड्यांवर इंद्रधनुष्यी झाक असेल, तरी हाच हिशेब लागतो, कारण स्वारोव्स्कीने ती ‘ऑरोरा बोरियालिस’ झाक ख्रिस्तियन डिओरच्या सहकार्याने १९५० च्या दशकाच्या मध्यात आणली. ‘वेस्ट जर्मनी’ हे शब्द १९४९ ते १९९० या काळाचे आहेत, आणि ‘चेकोस्लोव्हाकिया’ १९१८ पूर्वी किंवा १९९२ नंतर असू शकत नाही.

पेटंटचा क्रमांक आढळला, तर विशेष आनंद मानावा, पण तो कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहावे. अमेरिकी रेखाटन-पेटंटांचे क्रमांक १९४० च्या प्रारंभी सुमारे १ लाख १८ हजारांवर आणि १९५० च्या प्रारंभी सुमारे १ लाख ५६ हजारांवर होते. अशा सहा अंकी क्रमांकावरून मूळ रेखाचित्र गूगलच्या पेटंट शोधात विनामूल्य सापडते आणि रेखाटनकाराचे नावही मिळते. सात अंकी क्रमांक मात्र यंत्ररचनेचा असतो. कोरो कंपनीच्या जोडक्लिपांवर १७९८८६७ हा क्रमांक वारंवार दिसतो. तो मागच्या चौकटीच्या रचनेला १९३१ मध्ये मिळालेला आहे आणि नंतर अनेक वर्षे तोच वापरला गेला, त्यामुळे पुढच्या फुलाचे किंवा पक्ष्याचे वय त्यावरून ठरत नाही. विक्रेते ‘१९३१ चा ब्रोच’ म्हणून जे विकतात, त्यातील बराच भाग या एका गैरसमजावर उभा असतो.

नावे आणि त्यांमागची घडण

नावांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. प्रत्येक नावाबरोबर कोणती घडण अपेक्षित आहे, एवढे लक्षात ठेवावे. ट्रिफारीसाठी १९३० पासून १९६८ पर्यंत रेखाटने करणारे आल्फ्रेड फिलिप यांनी पूर्वी कार्टिए आणि व्हॅन क्लीफ या खऱ्या रत्नांचे दागिने करणाऱ्या पॅरिसच्या घराण्यांच्या दागिन्यांवर काम केले होते. त्यामुळे त्या ब्रोचवर खऱ्या रत्नकामाची शिस्त दिसते: कडा स्वच्छ, पाठ गुळगुळीत आणि मुलामा दाट. ज्यांच्या प्राण्यांच्या पोटात पारदर्शक ल्युसाइटचा घुमट बसवलेला असतो, ते याच घराण्याचे ‘जेली बेली’ ब्रोच विशेष मागणीत असतात. मार्सेल बूशे हेही कार्टिएच्या तालमीतून आले आणि त्यांच्या नंतरच्या ब्रोचवर नावाशेजारी साठ्याचा क्रमांक असतो, ज्यावरून काळ बराच नेमका काढता येतो.

मिरियम हॅस्केल यांचा ब्रोच पाठीवरून ओळखण्याचा उत्तम नमुना आहे. १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या घराण्याचे रेखाटनकार फ्रँक हेस जाळीदार पितळी तबकडीवर मोती आणि मणी बारीक तारेने हाताने ओवून घेत, आणि ते तारकाम झाकण्यासाठी मागे दुसरी जाळी बसवत. १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतचे हॅस्केल ब्रोच बहुतांशी सहीविना आहेत, त्यामुळे ज्याला पाठ वाचता येते त्यालाच ते सापडतात. डेलिझा अँड एल्स्टर यांचे ‘ज्युलियाना’ नावाने ओळखले जाणारे मोठ्या खड्यांचे ब्रोचही पुष्कळदा असेच निनावी असतात.

शिकागोचे आयझेनबर्ग हे मुळात कपड्यांचे घराणे होते. त्यांच्या पोशाखांवर लावलेले ब्रोच दुकानांतून चोरीला जाऊ लागले, तेव्हा त्यांनी ते वेगळे विकायला काढले. डिओरसाठी जर्मनीतील हेंकेल अँड ग्रोसे यांनी १९५५ पासून केलेल्या ब्रोचवर अनेकदा वर्षच ठसवलेले असते, आणि नवख्याला यापेक्षा सोपी खूण मिळणार नाही. सारा कोव्हेंट्री हे १९४९ मध्ये सुरू झालेले घराणे घरगुती बैठकांतून विक्री करी. त्यांचा माल विपुल आणि स्वस्त आहे, गुंतवणूक म्हणून सामान्य आहे, पण हात आणि डोळा तयार करण्यासाठी मी तोच सुचवेन.

नकला

आयझेनबर्ग, न्यूयॉर्कचे वाइस, बूशे आणि ट्रिफारीचे जेली बेली यांच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. अस्सल ब्रोचवरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, म्हणून ती मूळ नमुन्यापेक्षा किंचित लहान असते आणि तिच्या बारीक रेषा बोथट होतात. संदर्भ छायाचित्राबरोबर दिलेली मापे कॅलिपरने पडताळण्याचे कारण हेच आहे. नावाची पट्टी वेगळी चिकटवलेली असणे, अक्षरे फुगीर व अस्पष्ट असणे, सत्तर वर्षांच्या ब्रोचवरचे सर्व खडे एकसारखे झगझगीत असणे आणि विक्रेत्याकडे तोच ब्रोच पाच रंगांत उपलब्ध असणे, ही लक्षणे एकत्र आली तर पुढे बोलणीच करू नयेत.

पुण्यात खरेदी

सर्वांत चांगला स्रोत म्हणजे नात्यातील आणि ओळखीतील घरे. कॅम्प, नाना पेठ किंवा डेक्कन भागातील ज्येष्ठ स्त्रियांच्या पेट्यांत विलायतेहून आणलेले किंवा भेट मिळालेले ब्रोच असतात. तेथे वस्तूपूर्वी तिची हकिगत विचारावी, ती लिहून घ्यावी, आणि वस्तू मौल्यवान आहे असे लक्षात आल्यास मावशींना तसे स्पष्ट सांगूनच किंमत ठरवावी. अज्ञानाचा फायदा घेऊन मिळवलेला ब्रोच संग्रहात कितीही शोभला, तरी त्या ओळखीतून दुसरा कधी मिळत नाही.

मंगळवार पेठेतील जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे ट्रिफारी मिळेल अशा आशेने जाऊ नये. चेक काचेचे, इंग्लंडमध्ये ठोकलेले किंवा आपल्याकडे त्यांच्यावरून घडवलेले ब्रोच मात्र नाणी, बिल्ले आणि घड्याळांच्या ढिगात मधूनच आढळतात. सकाळी लवकर जावे, भिंग खिशातून लगेच काढू नये आणि पिन तुटलेले, खडे गळलेले ब्रोच स्वस्तात मिळाले तर तेही घ्यावेत, कारण जुने खडे हेच पुढील दुरुस्तीचे भांडवल असते.

नामांकित घराण्यांसाठी शेवटी ईबे आणि एट्सी यांच्याकडेच वळावे लागते. पाठीचे, खटक्याचे आणि सहीचे स्वतंत्र छायाचित्र मागावे. ते देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नये. टपालखर्च, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून एकूण किंमत काढावी, कारण स्वस्त ब्रोचच्या बाबतीत हे वरखर्च वस्तूपेक्षा जास्त होऊ शकतात. उलट दिशेने, म्हणजे परदेशी विकताना, १०० वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या निर्यातीवर १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाचे निर्बंध आहेत हे व्हिक्टोरियन ब्रोच बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

स्वच्छता आणि दुरुस्ती

ब्रोच पाण्यात बुडवू नये, या नियमाला अपवाद नाही. रिठ्याचे पाणी, टूथपेस्ट, चांदी उजळण्याचे द्रावण आणि सराफाकडचे अल्ट्रासोनिक यंत्र हे सर्व सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी सर्रास वापरले जाते. वर्खाचे खडे आणि जुना गोंद यांना ते मारक आहे. लहान बाळाच्या मऊ ब्रशने कोरडी धूळ काढावी, मग काचेचा पृष्ठभाग जेमतेम ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने पुसावा आणि ब्रोच पालथा ठेवून वाळवावा. खटक्याजवळ हिरवा कळंक दिसला, तर लाकडी दातकोरणीच्या टोकावर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब घेऊन तेवढाच भाग खरवडावा, लगेच पुसावा आणि केस वाळवण्याच्या यंत्राच्या थंड हवेने सुकवावा. असा ब्रोच काही महिने इतरांपासून वेगळा ठेवावा.

गळलेला खडा बसवण्यासाठी दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद सुईच्या टोकाएवढा वापरावा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ खड्यावर पांढुरका थर आणते, म्हणून तो टाळावा. रविवार पेठेत काचेचे खडे सुटे मिळतात, परंतु नवा खडा जुन्यांच्या ओळीत फार उजळ दिसतो. तुटक्या ब्रोचमधील त्याच मापाचा खडा असेल तर तोच लावावा.

डाकाचे काम हा नाजूक विषय आहे. सोन्या मारुती चौकाच्या परिसरातील कारागिरांचा हात सोन्याचांदीवर बसलेला असतो आणि चांदीचा डाक ६०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो. कथिलाचा मिश्रधातू मात्र २०० अंशांच्या आसपासच ढासळू लागतो, म्हणजे ज्योत लावताच पॉट मेटलच्या ब्रोचचा गोळा होईल. त्यामुळे तुटलेली पिन असलेला पॉट मेटलचा ब्रोच, कारागीर कितीही कुशल असला, तरी त्याच्या ज्योतीखाली देऊ नये. चांदीचा ब्रोच देता येतो, पण खडे आणि मिना यांना उष्णता लागणार नाही याची खात्री करून घ्यावी. धातूची ओळख पटवायची असेल, तर कसोटीवर घासण्याऐवजी यंत्रावर तपासणी करून घ्यावी आणि वरचा मुलामा आकडा चुकवू शकतो हे कारागिराला आधीच सांगावे. नवा मुलामा देऊन ब्रोच चमकवण्याचा मोह टाळावा. जाणकार ग्राहक त्याची किंमत वाढवत नाही, पाडतो.

पावसाळा, नोंदवही आणि वापर

पुण्याचा जून ते सप्टेंबरचा काळ ब्रोचसाठी वर्षातील सर्वांत कठीण असतो. प्रत्येक ब्रोच आम्लमुक्त पातळ कागदात गुंडाळून स्वतंत्र झिप पिशवीत ठेवावा, डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात. कापूस नख्यांत अडकतो, स्पंज काही वर्षांनी विरघळून चिकट होतो आणि डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकवर परिणाम करतात, म्हणून या तिन्ही वस्तू नकोत. सेल्युलॉइडचा (एका जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकचा) ब्रोच असल्यास त्याला मात्र बंद पिशवीत कोंडू नये. त्यातून निघणारी वाफ त्यालाच आणि शेजारच्या धातूलाही खाते. तो हवेशीर पेटीत एकटा असावा.

नोंदवहीत क्रमांक, समोरचे व पाठीचे छायाचित्र, मिलिमीटरमध्ये मापे, वजन, खुणा, कोठून व कितीला घेतला, आणि कोणते खडे बदलले हे लिहावे. दुरुस्ती लपवलेली नोंद निरुपयोगी असते, कारण पुढे विकताना किंवा वाटणी करताना ती कोणाच्याच कामाची राहत नाही.

ब्रोच वापरायचा असेल, तर अत्तर, पावडर आणि केसांचा फवारा आधी आटोपून घ्यावा, कारण कृत्रिम मोत्यांचा थर त्यांनी सोलवटतो. पैठणी किंवा गारा यांसारख्या भारी वस्त्रावर फर क्लिप मुळीच लावू नये. तिचे काटे रेशमाचे धागे ओढतात. साध्या पिनेचा ब्रोचही पदराच्या एकेरी थरावर लटकवू नये, तर निऱ्या एकत्र धरून, आतून फेल्टचा नाण्याएवढा तुकडा ठेवून, पिन त्या तुकड्यातून आणि ब्लाउजच्या खांद्यावरील शिवणीतून काढावी. खटका सैल असेल, तर पिनेच्या टोकावर रबराची छोटी टोपी बसवावी आणि समारंभ होईपर्यंत ब्रोच जागेवर आहे ना, हे मधूनमधून बोटांनी चाचपावे.